कुंपणावरचं नाक

११ ऑक्टोबर

ताई,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही, शिंपीणकाकूंचं आहे. माझं ओळखलं असतंस तर पाकीट न फोडताच कचऱ्यात गेलं असतं. काकूंवर रागावू नकोस. त्या आधी नाहीच म्हणाल्या होत्या. मी दुकानातल्या स्टुलावर ठाण मांडून बसलो आणि मापं द्यायला आलेल्या बायका खोळंबायला लागल्या, तेव्हा कुठे त्यांनी पत्ता लिहून दिला.

भाऊजींना मोठ्या मशीनवरून काढून साध्या वॉर्डात आणलं हे मेडिकलवाल्याकडून कळलं. सख्ख्या बहिणीच्या घरची बातमी मला औषधाच्या दुकानात मिळते. असो. तक्रार करायची ही वेळ नाही आणि मला तोंडही नाही. जिवावरचं टळलं, बरं वाटलं.

हे पत्र तुझ्या लेकीसाठी, टिटवीसाठी आहे. तू तिला घराबाहेर काढलंस तेव्हापासून ती माझ्या खोलीवर आहे. खाट तिला दिली आहे, मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी अंथरूण टाकतो. जिला गप्प करायला अख्खं घर कमी पडायचं, म्हणून मी जिचं नाव टिटवी ठेवलं, ती पोरगी आता विचारल्याशिवाय बोलत नाही. ताटात बोटं फिरवत बसते आणि मी उठलो की अन्न झाकून ठेवते. काल मी तिला हसवायला भाऊजींच्या घोरण्याची नक्कल केली. ती उठून बाहेर गेली. माझंच चुकलं.

तिचं काम काय होतं हे तू कधी ऐकून घेतलं नाहीस, म्हणून सांगतो. तुमच्या गल्लीमागे त्या कारखान्याने वर्षानुवर्षं आपला विषारी गाळ पिंपांत भरून पुरला, वर माती ओढली आणि गाशा गुंडाळला. ती पिंपं आम्ही आता उकरून काढतोय. खड्ड्यावर मोठा तंबू आहे, आतली हवा पंखे ओढून घेतात आणि कोळशाच्या गाळणीतून बाहेर सोडतात. धोका फक्त ट्रक आतबाहेर करताना, तंबूचं दार उघडतं तेव्हा. म्हणून दार उघडायच्या आधी आणि उघडं असेपर्यंत गल्लीच्या बाजूच्या कुंपणालगत एका माणसाने वास घेत फिरायचं आणि वॉकीटॉकीवर सांगायचं, साफ. वास आला तर दार बंद. मीटर आहेत, पण वारा त्यांना चुकवून जातो, माणसाच्या नाकाला आधी कळतं. मात्र ते नाक बाहेरचं हवं. खड्ड्यात काम करणाऱ्यांची नाकं महिन्याभरात मरतात.

साइटवर तिला सगळे 'नाक'च म्हणायचे. नाक आलं का, नाक चहा पितंय. तिला त्याचा अभिमान होता. तुझ्या विरोधात जाऊन तिने ही नोकरी धरली असं तू म्हणायचीस, पण ती तुमच्यावरच्या काळजीपोटी तिथे उभी होती. आपल्या घराची राखण आपणच करावी, असं मला म्हणाली होती.

त्या दिवशी तिला सर्दी होती आणि तिने ती लपवली. सर्दी झाली की सांगायचं, बदली माणूस बोलवायचा, असा नियम आहे. तिने चौकशीत सगळं कबूल केलं. तंबूची गल्लीकडची शिवण वरून फाटली होती, वारा तुमच्याकडे होता, तिला कळलं नाही, ती साफ म्हणाली. तू ऑफिसला फोन केलास की गोडसर वास येतोय. ऑफिसातल्या मुलीने तुला सांगितलं की तुमचीच मुलगी कुंपणावर आहे, आत्ताच साफ म्हणाली. म्हणून तू भाऊजींची खुर्ची खिडकीतून हलवली नाहीस. त्यांचा दमा, आणि समोर उघडी खिडकी. तुझा राग मी समजू शकतो.

मी तेव्हा मागच्या बाजूला ट्रकपाशी होतो.

पण ताई, पोरगी विशीतली आहे. लेकराची चूक आईने पोटात घालायची नाही तर कुणी घालायची? तिला घरी बोलव. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

तुझा भाऊ


३ नोव्हेंबर

ताई,

उत्तराची वाट बघितली. नाही आलं.

काल टिटवी भाऊजींच्या वाफेच्या औषधाची बाटली घेऊन तुझ्या दारात उभी होती. तू आत होतीस. तिने नळ बंद झाल्याचा आवाज ऐकला, पण तू दार उघडलं नाहीस. मग शिंपीणकाकूंनी तिला आपल्या दुकानात बसवून पाणी दिलं आणि बाटली ठेवून घेतली. परक्या बाईला जे सुचलं ते तुला सुचू नये? तुझं हे असंच. एकदा मनात धरलंस की देव खाली आला तरी सोडत नाहीस. लहानपणी माझ्याकडून तुझा कंपास मोडला तर तू शाळा संपेपर्यंत मला डब्यातलं दिलं नव्हतंस.

गल्लीच्या बैठकीतही तेच. मी घरोघरी फिरून लोकांना समजावत होतो की ही घाण काढलीच पाहिजे. आणि तू उभी राहून म्हणालीस, झोपलंय ते झोपू दे, उकरलंत तर आधी आमच्याच नाकातोंडात जाईल. ते झोपलेलं नव्हतं, ताई. विहिरीच्या पाण्यावर तवंग यायचा तो कुठून? माझं म्हणणं चूक नव्हतं. मी फक्त तुझ्यावर तो विनोद करायला नको होता, की आमच्या ताईला वास यायच्या आधीच नाक मुरडायची सवय आहे. सगळे हसले. तू खाली बसलीस आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलंस. लोकांनी संमतीच्या सह्या दिल्या, पण त्या लोकांना तुझ्यावर हसवून घेतलेल्या सह्या आहेत हे मला ठाऊक आहे.

आज रागाच्या भरात लिहितोय. पाकिटात घालण्याआधी फाडीन कदाचित.

भाऊजी घरी आले हेही समजलं. ऑक्सिजनचं मशीन बाहेरच्या खोलीत ठेवलंय, जिना चढवत नाही म्हणून खाटही खालीच आणली, असं काकू म्हणाल्या. ज्या दिवशी ते आले त्या दिवशी टिटवी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, बाबा घरी आले." मी म्हटलं, छान झालं. ती आणखी थोडा वेळ उभी राहिली. मग कपडे धुवायला गेली.

आणखी एक सांगतो, तसं काही विशेष नाही. आज सकाळी मी गॅसवर दूध ठेवलं आणि तिथेच ओट्याला टेकून बूट पुसत बसलो. टिटवी न्हाणीघरातून ओल्या केसांनी धावत आली आणि तिने गॅस बंद केला. दूध आटून पातेल्याचा तळ काळा पडला होता, खोलीभर धूर होता, असं ती म्हणाली. धूर मला नंतर दिसला. वास अजिबात आला नाही. पातेलं माझ्यापासून हाताच्या अंतरावर होतं. मी म्हटलं, "वय झालं ग तुझ्या मामाचं." तिने माझ्याकडे बघितलं आणि पातेलं घासायला घेतलं. ते निघालं नाही. अजून पाण्यात घालून ठेवलंय.

हे तुला कशाला लिहितोय कळत नाही. तिला घरी बोलव.

तुझा भाऊ


१४ नोव्हेंबर

ताई,

तुझा निरोप काकूंनी आणला. टिटवीने रविवारी यावं, भाऊजींसमोर आणि गल्लीतल्या माणसांसमोर चूक कबूल करावी, मग घरात घेईन, असं तू म्हणालीस. ती ऐकून इतकी हरखली की मला बघवेना. लगेच कपडे घडी करायला लागली. काय बोलायचं ते ती न्हाणीघरात दार लावून पाठ करते. मला ऐकू येतं. "बाबा, मी नीट काम केलं नाही." मग थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून.

तिने नीट काम केलं होतं. हे पत्र मी स्वतः तुझ्या दाराखालून सरकवणार आहे, रविवारच्या आधी, म्हणजे मला माघार घेता येणार नाही.

त्या दिवशी टिटवी सकाळीच माझ्यापाशी आली होती. नाक लाल, डोळ्यांतून पाणी. म्हणाली, "मामा, आज मला काही कळणार नाही. घड्याळवाल्या काकांना बोलवा." गल्लीच्या कोपऱ्यावरचा तो घड्याळ दुरुस्त करणारा आमचं बदली नाक आहे. त्याला दुकान बंद करून यायला वेळ लागतो. ट्रक भरून उभा होता, दुपारनंतर त्याला रस्त्यावर परवानगी नव्हती, आणि आदल्या दिवशीही आमचा एक ट्रक असाच अडकला म्हणून साहेबांनी मला चारचौघांत झापलं होतं. मी म्हटलं, "तू दवाखान्यात जाऊन ये. फेरी मी मारतो." ती म्हणाली, "पण मामा, तुमचं नाक..." मी म्हटलं, मला शिकवू नकोस.

ताई, हा नियम तुमच्या गल्लीला मीच समजावला होता. तुझ्या शेजारच्या घरात चहा पिता पिता मी सांगितलं होतं की आम्हा खड्ड्यातल्या माणसांच्या नाकावर एका पैशाचाही भरवसा ठेवू नका, म्हणून तर तुमच्यातलं माणूस कुंपणावर उभं करतोय. तेवढं ऐकूनच त्यांनी सही दिली.

मी फेरी मारली. फाटलेल्या शिवणीच्या बरोबर खाली उभा होतो, हे नंतर कळलं. मान वर करून चांगला श्वास ओढला. कोरी हवा. साफ म्हटलं, दार उघडलं. तेवढ्यात ऑफिसातल्या मुलीचा आवाज आला, "गल्लीतून फोन आहे, गोड वास येतोय म्हणतात. कुंपणावर टिटवीच आहे ना?"

मी म्हटलं, "हो, तीच आहे. साफ आहे."

मी म्हटलं की तीच आहे. तिचं नाव घेतलं नसतं तर मी तिथे कसा, हे विचारलं गेलं असतं. आणि फोन कुणाचा हेही मला विचारायची गरज पडली नाही. गल्लीतून फोन म्हणजे ताई, दुसरं कोण. मला हसूच आलं. म्हटलं, हिला तर यायचाच वास. दुसऱ्या कुणाच्या घरून फोन असता तर मी घड्याळवाल्याला बोलवून घेतलं असतं. ही गोष्ट मला सर्वांत जास्त खाते. भाऊजी आत घुसमटत होते आणि मी तुझ्यावर हसत होतो.

मग हॉस्पिटल. तू आत होतीस. टिटवी दवाखान्यातून सरळ तिथेच आली होती. पाण्याच्या कूलरपाशी मी तिला गाठलं आणि बोललो. अजून कुणाला सांगितलेलं नाही, तुलाच सांगतो. मी म्हटलं, "चौकशीत कुंपणावर तूच होतीस म्हणून सांग. तू नवीन आहेस, तुला समज देऊन सोडतील. माझं नाव आलं तर काम बंद पडेल, खड्डा उघडा राहील आणि गल्ली पुन्हा कधी तयार होणार नाही." यातलं सगळंच खोटं नव्हतं, म्हणून मला ते बोलता आलं. खरं कारण एवढंच की मी घाबरलो होतो. तू त्या दारातून बाहेर येशील आणि मला बघशील याची भीती वाटली.

ती म्हणाली, "बाबांना बरं वाटेपर्यंतच ना, मामा?"

मी म्हटलं, "हो, तेवढंच."

भाऊजी घरी आले तेव्हा ती माझ्यासमोर येऊन का उभी राहिली ते आता तुला कळेल. मी छान झालं म्हणून विषय संपवला. तिने एका शब्दाने आठवण करून दिली नाही. तू तिला घराबाहेर काढलंस तेव्हाही तिने माझं नाव घेतलं नाही. आणि मी तुला पत्र लिहिलं की लेकराची चूक पोटात घाल. ते पत्र लिहिताना मला चांगलं वाटत होतं, ताई. आपण भाचीसाठी किती करतोय असं वाटत होतं. असा मी माणूस आहे.

दवाखान्यातल्या डॉक्टरला विचार हवं तर. ती त्या वेळी त्याच्या बाकावर बसली होती.

रविवारी ती येईल, पण बोलणार मी. साहेबांना उद्या सांगतो. टिटवीला हे पत्र दाखवलेलं नाही. दाखवलं तर ती अडवेल, आणि तिने अडवलं तर मी थांबेन. माझी मला खात्री नाही.

तुझा भाऊ


२२ नोव्हेंबर

ताई,

साहेबांनी मला कामावरून काढलं. बरोबर केलं. माझ्या जागी नवीन सुपरवायझर आलाय, त्याने तंबूच्या सगळ्या शिवणी आधी दुहेरी करून घेतल्या, मगच दार उघडू दिलं. ट्रक खोळंबून राहिला. काही आभाळ कोसळलं नाही. टिटवीला परत बोलावलंय हे तिच्याकडून कळलंच असेल. जाऊ द्यायचं की नाही हे तू ठरव. ती बाकी नको तिथे गप्प बसते, पण कुंपणावर कधी गप्प बसली नाही. वास आला की तिने साहेबांनाही जुमानलं नाही, दोनदा दार बंद करायला लावलं होतं.

रविवारचं थोडं लिहितो, कारण तेव्हा बोलायचं राहून गेलं. तू पत्र वाचलं होतंस हे दार उघडतानाच समजलं. टिटवी पाठ केलेलं बोलायला लागली आणि तू तिच्या तोंडावर हात ठेवलास. मग तिला आत ओढून घेतलंस. मला वाटलं होतं की मी गल्लीसमोर नीट उभा राहून सगळं सांगेन, पण मी अडखळत, मागचं पुढे करत बोललो. लोक ओरडतील असं वाटलं होतं. कुणी ओरडलं नाही. घड्याळवाला एवढंच म्हणाला, "एक हाक मारायची होतीस. शटर ओढायला कितीसा वेळ लागतो?" शिंपीणकाकू माझ्याकडे न बघता आत गेल्या.

भाऊजी खाटेवर टेकून बसले होते, नाकाला नळी. त्यांनी मला हाताने आत ये अशी खूण केली. तू बघितलीस की नाही ठाऊक नाही. मी आलो नाही, कारण दारात तू होतीस. आणि ते माणूस चांगलं आहे, मला माफ करून टाकलं असतं, आणि मग मी ते घेऊन घरी निघून गेलो असतो.

मग तू बोललीस. इतक्या महिन्यांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. आवाजही चढवला नाहीस.

"टिटवी म्हणाली म्हणून मी खिडकी उघडी ठेवली. तू म्हणालास असं ऑफिसातल्या त्या पोरीने सांगितलं असतं ना, तर मी तेव्हाच लावून घेतली असती."

आणि दार लावून घेतलंस.

तुला उत्तर हवं होतं की नाही ते माहीत नाही. लोक पांगल्यावर मी रिकाम्या गल्लीत उभा राहिलो, आतून टिटवीचा रडण्याचा आवाज येत होता, मोठ्याने, लहानपणी रडायची तसा. मग मी निघालो. रस्त्यात मला शंभर उत्तरं सुचली. मी मुद्दाम केलं नाही, हे एक. शिवण मी फाडली नव्हती, हे दुसरं. खोलीवर पोचेपर्यंत एकही उरलं नाही. तू माझ्यावर रागावली होतीस तो राग त्या दिवशी भाऊजींच्या कामी आला असता, आणि मी टिटवीचं नाव सांगून तुला तेवढाही वापरू दिला नाही.

म्हणून आता उत्तर देतो. हो ताई. तू खिडकी लावली असतीस, आणि आज भाऊजी जिना चढून वर झोपायला गेले असते.

भाऊ